फिजीला सेवेसाठी दोन आठवडे: पहिल्यांदा निघालेल्या मंडळींसाठी

फिजीला जायचं ठरलं की तरुण संघातून पहिला प्रश्न हमखास येतो, "बायबलं किती न्यायची?" माझं उत्तर ठरलेलं आहे. एकच, आपलं स्वतःचं.

ताहितीहून आलेले ख्रिस्ती शिक्षक १८३० मध्ये फिजीच्या पूर्वेकडच्या लाऊ बेटांवर उतरले होते. १८३५ च्या ऑक्टोबरात विल्यम क्रॉस आणि डेव्हिड कार्गिल हे मेथडिस्ट मिशनरी टोंगाहून तिथल्याच लाकेम्बा बेटावर आले. बाऊ बेटाचा बलाढ्य सरदार थाकोम्बाऊ १८५४ मध्ये ख्रिस्ती झाला. आता आपल्याकडचं साल आठवा. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले आणि अमेरिकन मराठी मिशनचं नगरचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. म्हणजे नगरची मंडळी (आपण चर्चला मंडळीच म्हणतो) आणि लाकेम्बाची मंडळी जवळपास एकाच वयाच्या आहेत. आणि फिजीच्या लोकांनी नुसतं घेतलं नाही, दिलंही. १८७५ मध्ये गोवराच्या साथीत तिथली सुमारे चाळीस हजार माणसं दगावली. त्याच वर्षी फिजीचे शिक्षक पापुआ न्यू गिनीकडच्या न्यू ब्रिटन बेटांवर सुवार्ता घेऊन निघाले. तिथे जिवाला धोका आहे हे त्यांना आधी बजावून सांगितलं होतं, तरी गेले. १८७८ मध्ये त्यांतले चौघे मारले गेले.

हे आधी सांगतो, कारण पुढची सगळी तयारी यावर बेतलेली आहे. तुम्ही जाताय ते भावंडांच्या घरी. घर त्यांचं आहे, रीत त्यांची आहे.

आधी निमंत्रण, मग तिकीट

तिकडच्या एखाद्या मंडळीचं लेखी निमंत्रण हातात नसेल तर सहल काढा, तिला सेवा म्हणू नका. तिथली सगळ्यांत मोठी मंडळी मेथडिस्ट. 'मेथडिस्ट चर्च इन फिजी अँड रोटुमा' १९६४ पासून स्वतंत्र कारभार करते आणि भारतीय वंशाच्या ख्रिस्ती लोकांसाठी तिचा वेगळा विभाग आहे. शिवाय कॅथलिक, असेंब्लीज ऑफ गॉड, सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट, अँग्लिकन आहेत. आपल्या पंथाच्या कार्यालयामार्फत पत्रव्यवहार करावा. ओळखीच्या कुणाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून परस्पर ठरवू नये. गावात दोन पंथांची देवळं समोरासमोर असतात आणि पाहुणा कुणाचा, हा प्रश्न तिथे किरकोळ नसतो.

पत्रात "आम्ही काय काय करू शकतो" ही यादी नंतर द्या. आधी विचारा, "या दोन आठवड्यांत तुम्हाला कशाची गरज आहे?" उत्तर सावकाश येईल. बेटांवर सगळंच सावकाश चालतं. "काहीही चालेल, या" असं आलं तर पुन्हा विचारा, कारण पाहुण्याला नाही म्हणायचं नाही अशी तिथली माणसं आहेत.

माझं मत विचाराल तर भिंती रंगवायला समुद्र ओलांडून जाऊ नये. गावातली पोरं तुमच्यापेक्षा चांगला रंग देतात, आणि तुमच्या एका तिकिटाच्या पैशात रंग आणि मजुरी दोन्ही भागून उरेल. उपयोगी पडतं ते वेगळंच. गटात वायरमन असेल, संगणक दुरुस्त करणारा असेल, पेटी-तबला शिकवणारा असेल, रविवार शाळेच्या शिक्षकांसोबत बसून धडे तयार करणारी बाई असेल, तर ते विचारून घ्या. डॉक्टर आणि नर्स यांनी तिकडच्या वैद्यकीय किंवा नर्सिंग परिषदेची तात्पुरती नोंदणी झाल्याशिवाय कुणाला तपासू नये. इथल्या डिग्रीवर तिथे गोळीही देता येत नाही.

तारखांचं बघा. नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा मोसम. २० फेब्रुवारी २०१६ ला आलेल्या विन्स्टन वादळात ४४ माणसं गेली आणि गावंच्या गावं झोपली. मे ते ऑक्टोबर हवा कोरडी आणि बरी असते. फक्त ऑगस्टच्या आसपास मेथडिस्ट मंडळीची वार्षिक परिषद असते. त्या वेळी पाळक आणि गायनमंडळं सगळी तिकडे गुंतलेली असतात. तुम्हाला परिषदेचंच निमंत्रण असेल तर सोन्याहून पिवळं, नसेल तर दुसरा महिना धरा.

कागद

भारतीय पासपोर्टवर फिजीला जाण्यासाठी आगाऊ व्हिसा लागत नाही. उतरल्यावर चार महिन्यांपर्यंतचा अभ्यागत परवाना मिळतो. नियम बदलतात, तेव्हा तिकिटाआधी पुन्हा तपासा. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली हवी, आणि परतीचं तिकीट व खर्चापुरते पैसे दाखवता आले पाहिजेत.

खरी गोम पुढे आहे. हा परवाना पर्यटकाचा असतो. तुम्ही उपदेश करणार, शिकवणार, बांधकाम करणार, तर ते त्यात बसतं का, हे यजमान मंडळीला तिथल्या इमिग्रेशन खात्याकडून लेखी विचारून घ्यायला सांगा. वेगळा परवाना लागला तर तो तेच काढतील. विमानातल्या फॉर्मवर 'पर्यटन' लिहायचं आणि बॅगेत पन्नास टी-शर्टांवर मिशनचं नाव छापलेलं, असला उद्योग करू नका. सेवेला जाताना खोटं लिहून आत शिरायचं, हे कोणत्या वचनात बसतं?

मुंबईहून सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे नांदीला, म्हणजे फिजीच्या मुख्य विमानतळाच्या गावी, जाता येतं. ऑस्ट्रेलियामार्गे तिकीट स्वस्त दिसलं तर थांबा. तिथे नुसतं विमान बदलायलाही भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा लागतो, आणि तो राहिला तर मुंबईच्याच काउंटरवरून परत पाठवतात.

मुलांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट सेवा केंद्रातून काढून घ्या, यजमानांनी मागितलं नसलं तरी. विमा घेताना रुग्णाला एका बेटावरून दुसऱ्या बेटावर हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते वाचा. लहान बेटांवर दवाखाना म्हणजे एक नर्स आणि एक कपाट.

पैसा

मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यातून हा खर्च करायचा असेल तर आधी सीएला भेटा. धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर केलेल्या खर्चाला आयकरातली सूट सरसकट मिळत नाही, त्याला प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. एका ओळखीच्या मंडळीला हे दोन वर्षांनी, नोटीस आल्यावर कळलं. सोपा मार्ग म्हणजे ज्याने त्याने आपला खर्च स्वतःच्या खात्यातून करावा.

यजमानांच्या घरी राहणार असलात तरी जेवणाखाण्याचा खर्च आधी विचारून पाळकांकडे द्या, घरातल्या बाईच्या हातात चोरून नोटा कोंबू नका. आणि कुणा एका कुटुंबाला, एका मुलाला "तुझ्या फीचं मी बघतो" असं कबूल करू नका. बोलताना डोळ्यांत पाणी असतं, पुण्याला परतल्यावर हप्ते असतात. तिकडचं मूल मात्र पुढच्या सत्रापर्यंत वाट बघतं.

शरीर आणि बॅग

गोवराचं वर सांगितलं ते उगीच नाही. १८७५ ची ती साथ सिडनीहून परतलेल्या जहाजातून आली होती. २०१९ मध्ये शेजारच्या सामोआत गोवरानेच ८३ जण गेले, बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. तेव्हा गोवराचे दोन्ही डोस झालेत का हे प्रत्येकाने बघावं, आणि निघायच्या दिवशी अंगात ताप असेल तर घरी राहावं. तिकीट बुडालं तर बुडालं. याशिवाय टायफॉइड आणि 'हिपॅटायटिस ए'च्या लशींबद्दल डॉक्टरांना विचारा. मलेरिया फिजीत नाही, डेंग्यू आहे. लेप्टोही आहे. कोकणातल्यांना तो समजावून सांगायला नको, पुराच्या पाण्यात उघड्या जखमेने उतरू नका. प्रवाळाने पाय कापला तर लगेच धुऊन औषध लावा, तो चिघळतो. नेहमीच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा.

खाण्याच्या डब्यांवरून घरी वाद होणार आहे. फिजीची जैवसुरक्षा तपासणी कडक असते. मांस, दुधाचे पदार्थ, मध, बिया, फळं, सुकी फुलं, लाकडी वस्तू, सगळं फॉर्मवर जाहीर करावं लागतं, आणि नको वाटलं तर ते काढून घेतात. लपवलं तर दंड. आईला सांगा, लाडू परत आल्यावर.

बाकी सामान थोडकं. तिथे वीज २४० व्होल्ट, पण पिना ऑस्ट्रेलियासारख्या तिरक्या असतात, म्हणून अडॅप्टर. विजेरी, डासांचं मलम, ओआरएस, पाण्यात चालायचे बूट. पुरुषांना आणि बायकांना गुडघ्याखाली येणारे कपडे. सलवार-कुडता आणि साडी गावात उत्तम चालते. शॉर्ट्स आणि बिनबाह्यांचे कपडे किनाऱ्यावरच्या हॉटेलांसाठी. टोपी गावाच्या वेशीवरच काढायची, गॉगलसुद्धा डोक्यावर चढवून फिरायचं नाही.

उच्चार

नकाशावर रोमन लिपीत जे दिसतं आणि तोंडाने जे म्हणतात त्यात फरक आहे. तिथे 'डी' म्हणजे 'न्द', 'बी' म्हणजे 'म्ब', 'सी' म्हणजे इंग्रजी 'थिस' मधल्यासारखा 'द'कडे झुकणारा 'थ', 'जी' म्हणजे नाकातला 'ङ' आणि 'क्यू' म्हणजे 'ङ्ग'. म्हणून 'नाडी' दिसतं ते गाव नांदी, आणि 'काकोबाऊ' दिसतो तो सरदार थाकोम्बाऊ. आपल्याला हे सोपं जातं. 'वाङ्मय' लिहिणाऱ्यांना 'ङ' ची भीती कसली? चार शब्द तरी पाठ करा. बुला म्हणजे नमस्कार, विनाका म्हणजे आभार, लोतु म्हणजे उपासना, आणि तुलोउ. तुलोउ म्हणजे "माफ करा, पुढून जातो". बसलेल्या माणसांमधून जाताना वाकून हा शब्द म्हणायचा. दोन आठवड्यांत तो शंभर वेळा लागेल.

गावात पाऊल: सेवुसेवु

नांदीत उतरलात, सिम घेतलं, झोप काढली. घड्याळ आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे असतं, त्यामुळे पहिला दिवस तसा वायाच जातो. दुसऱ्या दिवशी गावाकडे निघण्याआधी नांदीच्या किंवा राजधानी सुवाच्या बाजारात जा आणि यांग्गोनाच्या मुळ्यांच्या जुड्या विकत घ्या. यांग्गोना म्हणजे ज्याला बाहेर कावा म्हणतात ती. मिरीच्या कुळातली वनस्पती आहे. अर्धा किलोची, कागदात बांधून फीत लावलेली जुडी मिळते. दोन घ्या. दुसरी कशाला ते शेवटी सांगतो.

गावात शिरल्यावर इकडेतिकडे फिरायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. तुमचा यजमान तुम्हाला तुरांगा नी कोरोकडे, म्हणजे गावाच्या मुखियाकडे, आणि तिथून सरदाराच्या घरी नेतो. चपला बाहेर. आत चटईवर बसायचं, पुरुषांनी मांडी घालून, बायकांनी पाय एका बाजूला दुमडून. पाय समोर पसरायचे नाहीत. मग सेवुसेवु, म्हणजे जुडी देऊन गावात येण्याची परवानगी मागणं. जुडी समोर ठेवली जाते आणि तुमच्या वतीने यजमानच बोलतो: ही माणसं कुठली, का आली, किती दिवस राहणार. सरदार जुडीला हात लावून ती स्वीकारतो. त्या क्षणापासून तुम्ही गावाचे पाहुणे आणि तुमची जबाबदारी गावाची. त्याआधी तुम्ही कुणीच नाही, हातात बायबल असलं तरी.

मग मुळ्यांची पूड पाण्यात कालवून तानोआ नावाच्या लाकडी परातीत पेय तयार होतं आणि नारळाच्या कवटीतून, बिलोतून, एकेकाला देतात. आपली पाळी आली की हात पोकळ धरून एकदा टाळी, "बुला" म्हणायचं, एका दमात प्यायचं, मग तीन टाळ्या. चव मातीसारखी. जीभ जरा बधिर होते, अंग सैल पडतं. दारू नाही ही.

इथेच आपल्या गटात कुजबूज सुरू होते: ख्रिस्ती माणसाने हे प्यावं का? प्रश्न तिथल्यांनाही आहे. मेथडिस्ट पाळक सरदाराशेजारी बसून पितात. ॲडव्हेंटिस्ट पीत नाहीत, बऱ्याच पेंटेकॉस्टल मंडळ्याही नाही. म्हणून ज्या मंडळीचे पाहुणे आहात तिला महाराष्ट्रातून निघण्याआधीच विचारा आणि तिचं ऐका. प्यायची नसेल तर यजमान आधी सांगून ठेवतो, कुणाला राग येत नाही. राग येतो तो चटईवर बसून तोंड वाकडं करणाऱ्याचा. ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ताच्या उपासनेत आणलं तेव्हाही नाकं मुरडणारे होतेच की.

आणखी एक, माझ्याकडून झालेली चूक. आपल्याकडे पाळक, वडीलधारे मुलाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. मीही पहिल्याच संध्याकाळी एका पोराचे केस कुरवाळले. घरात एकदम शांतता. फिजीत डोकं पवित्र मानतात, दुसऱ्याच्या डोक्याला हात लावणं म्हणजे अपमान. पोराची आजी हसून सावरून घेणारी निघाली म्हणून निभावलं. प्रार्थनेसाठी हात ठेवायचाच असेल तर आधी विचारा.

आणि कुणाच्या घरातल्या वस्तूची फार तारीफ करू नका. मागितलं की द्यायचं, अशी तिथे केरेकेरेची रीत आहे. तुम्ही चटईची स्तुती कराल आणि निघताना ती तुमच्या हातात ठेवतील.

रविवार

पहाटे लाली वाजते. लाली म्हणजे ओंडका कोरून केलेला ढोल, आवाज डोंगरापलीकडे जातो. रविवारी गाव थांबतं. कपडे धुणं, पोहणं, मासेमारी, चेंडू खेळणं काही नाही. आपली मुलं "मोकळा वेळ आहे, समुद्रावर जाऊ" म्हणतील. जाऊ देऊ नका.

उपासनेत पुरुष सुलु नेसतात, खाली लुंगीसारखी आणि वर सदरा-टाय. गायनमंडळ बिनवाद्याचं चार आवाजांत गातं, छप्पर थरथरतं. तुम्हाला गायला सांगतील. इंग्रजी कोरस नको, ते त्यांना तुमच्यापेक्षा बरे येतात. मराठी भजन गा, झांजा न्या. साक्ष द्यायला सांगितली तर पाच मिनिटं. दुभाष्यासकट ती दहा होतात.

नंतर लोवो, म्हणजे जमिनीत तापल्या दगडांवर भाजलेलं जेवण. दालो म्हणजे आपल्या अळूचाच मोठा कंद, आणि पालुसामी म्हणजे अळूच्या पानात गुंडाळून शिजवलेलं नारळाचं दाट दूध. अळूवडी खाऊन वाढलेल्या माणसाला परकं वाटायचं कारण नाही. जेवायला पाहुण्यांना आधी बसवतात आणि बायकामुलं नंतर जेवतात, तेव्हा ताटात बेतानं घ्या.

आपल्यासारखेच दिसणारे

हा भाग भारतातून जाणाऱ्यांनाच लागतो. १४ मे १८७९ ला 'लिओनिडास' जहाज पहिले गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले भारतीय मजूर, घेऊन आलं, आणि १९१६ पर्यंत साठ हजारांवर माणसं उसाच्या मळ्यांत राबायला नेली. बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडची, नंतर मद्रासमार्गे दक्षिणेची. त्यांची नातवंडं-पतवंडं फिजी हिंदी बोलतात, आणि तुम्हाला पाहून बाजारात हमखास थांबवून "कहाँ से?" विचारतात. त्यांच्यात हिंदू बहुसंख्य, मग मुसलमान, ख्रिस्ती थोडे.

यजमान कदाचित म्हणतील, "तुम्ही हिंदी बोलता, त्यांच्यात जाऊन सुवार्ता सांगा." घाई करू नका. १९८७ आणि २००० च्या सत्तापालटांत हाच समाज भरडला गेला, आणि मेथडिस्ट मंडळीतले काही पुढारी तेव्हा सत्ता उलथवणाऱ्यांच्या बाजूला उभे होते. २०२३ च्या मे महिन्यात मेथडिस्ट मंडळीने सुवात समेटाची उपासना घेऊन या भारतीय समाजाची माफी मागितली. जखम अजून ओली आहे. पंधरा दिवसांच्या पाहुण्याने घरोघर पत्रकं वाटत तिच्यावर बोट ठेवू नये. चहाला बोलावलं तर जा, त्यांच्या आज्या-पणज्यांच्या गोष्टी ऐका. तिथल्याच भारतीय विभागाच्या पाळकांसोबत गेलात तर आणखी बरं. हॅना डडली नावाची ऑस्ट्रेलियन बाई १८९७ मध्ये या लोकांत काम करायला सुवात आली, ती त्यांच्याशी हिंदीत बोलायची आणि तिने अनाथ पोरांना स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. दोन आठवड्यांत आपण एवढंच करू शकतो की तिच्या वाटेत खडे टाकायचे नाहीत.

फोटो

आपल्या जुन्या मिशन अहवालांत आपल्याच आज्यांचे फोटो आहेत, खाली नाव नाही, नुसतं 'नेटिव्ह'. ते बघून तुम्हाला कसं वाटतं? मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय काढू नका, इन्स्टाग्रामवर तर नाहीच. उघड्या अंगाचं पोर आणि त्याला मिठी मारलेले तुम्ही, हा फोटो कुठेच नको. मुलांसोबत कुणीही मोठा माणूस एकटा थांबणार नाही, हा नियम गटात पहिल्या बैठकीत लेखी करा.

निघताना

परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी नांदीत पोचलेलं बरं. बेटांवरच्या बोटी हवा बघून सुटतात, आणि सुवाहून नांदी बसने चार-पाच तास आहे. ताम्बुआ, म्हणजे व्हेलचा दात, कुणी प्रेमाने दिला तर नम्रपणे नाकारा, परवान्याशिवाय तो देशाबाहेर नेता येत नाही.

आणि ती दुसरी जुडी. येताना जशी परवानगी मागितली तशी जातानाही मागायची, त्याला इतातौ म्हणतात. पुन्हा तीच चटई, तोच सरदार, यजमान तुमच्या वतीने म्हणतो की पाहुणे आता निघतात, काही चुकलं असेल तर पोटात घाला. बहुतेक गट ही जुडी विसरतात आणि शेवटच्या रात्री गावातच कुणाकडून तरी उसनी घेतात. तुम्ही ती पहिल्याच दिवशी घ्या, आणि बॅगेच्या तळाशी कोरड्या पिशवीत ठेवा. ओल लागली की तिला बुरशी येते.